पान खाली, जमीन वर

आत्याच्या पेटीच्या झाकणावर अक्रोडाच्या गडद लाकडात मेपलचं फिकट पान बसवलेलं आहे. पानाच्या कडेने एक काळी रेघ फिरते. ती सगळीकडे सारखी नाही. देठापाशी केसाहून बारीक आहे, डावीकडच्या वळणावर जाड होते आणि टोकाकडे जाता जाता नाहीशी होते. भिंगाखाली धरलं की कळतं, ती रेघ नाही, फट आहे. तिच्यात सरस आणि भुसा भरलेला आहे. आत्याच्या जुन्या कामांत अशी फट कुठेच सापडत नाही. ती अलीकडे येऊ लागली, आणि नेमकी डावीकडच्या वळणावर, कारण तिथे पोचेपर्यंत आत्याचं मनगट थकलेलं असतं.

मी भिंगांच्या कारखान्यात मोजमापाचं काम करते, म्हणून आत्या मला मायक्रोमीटर म्हणते. फट दाखवली तेव्हा ती म्हणाली, "तुझ्यासारखी भाची घरात असली की वैऱ्यांची गरजच काय." पण मी उठल्यावर तिने चष्मा बदलून ते पान पुन्हा खिडकीच्या उजेडात धरलं.

तिचं काम लाकडात लाकूड जडवायचं. कागदाहून थोडे जाड असे लाकडाचे दोन पापुद्रे एकावर एक ठेवायचे; वर पानाचं लाकूड, खाली ज्यात ते बसवायचं ते. या खालच्याला ती जमीन म्हणते. मग दोन्ही एकदम कापायचे, पण करवत सरळ धरायची नाही, किंचित कलती धरायची. त्यामुळे पान बुचासारखं निघतं, वर रुंद आणि खाली निमुळतं, आणि जमिनीतल्या भोकात घट्ट बसतं. करवतीने जेवढं लाकूड खाल्लं, तेवढं हा कल भरून काढतो. आत्या डावखुरी आहे. त्या कलासाठी हातकरवतीखालची तिची फळी कायमची एका बाजूला कललेली आहे, आणि पान ती नेहमी एकाच दिशेने फिरवते, घड्याळाच्या काट्यांसारखं.

नव्या वाचनालयात मुलांच्या खोलीतली एक अख्खी भिंत रिकामी होती. तिथे झाड हवं होतं, जमिनीपासून छतापर्यंत, आणि प्रत्येक पान वेगळ्या लाकडाचं, म्हणजे मुलांना हात लावून बघता येईल. ग्रंथपाल बाईंनी आत्याला विचारलं. आत्याने त्याच आठवड्यात झाडाचं चित्र काढलं आणि स्वयंपाकघरात ओट्यासमोर चिकटवलं. उत्तर मात्र दिलं नाही. विचारलं की म्हणायची, "बघू."

"तुझं हे बघू चाललंय तेवढ्यात," बाबा म्हणाले, "तिथे खरं बी पेरलं असतं ना ताई, तर एव्हाना सावली मिळाली असती."

बाबा आत्याचे धाकटे भाऊ. डोक्यावर एकही केस काळा उरलेला नाही, तरी आत्या त्यांना छोट्या म्हणते.

"छोट्या, इतकी पानं हाताने कापून बघ, मग बोल."

"म्हणूनच म्हणतोय, यंत्र घे."

"बघू."

शेवटी ग्रंथपाल बाईंनीच तारीख ठरवून टाकली. दुपारी त्यांची समितीची बैठक होती. बैठकीला जाण्याआधी त्या फोन करणार होत्या. आत्याचा होकार आला नाही तर भिंतीवर छापील झाड चिकटवायचं असं ठरणार होतं. त्या सकाळी यंत्राच्या करवतींच्या दुकानात जायला आत्या स्वतःहून गाडीत येऊन बसली. पिशवीत तिच्या करवतीची पाती, अक्रोडाचे आणि मेपलचे तुकडे आणि पानांचे कागद होते. यंत्रावर पान नीट निघालं तरच होकार, हे तिने सांगितलं नाही, पण पिशवीवरून कळत होतं. रस्ताभर मी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर उत्साहाने माझा आवाज चिरकला असता. या करवतींची माहिती मी कितीतरी दिवस वाचत होते आणि त्यांतली एकही प्रत्यक्ष बघितलेली नव्हती.

दुकानाच्या मागच्या खोलीत, यंत्रं चालवून बघायच्या टेबलावर, तीन स्क्रोल सॉ ओळीने मांडलेल्या होत्या. शिवणयंत्रासारखाच घाट, पण सुईच्या जागी वरपासून खालपर्यंत ताणलेलं दोऱ्याएवढं पातं. दुकानदार गोलसर, उत्साही माणूस. एक चष्मा नाकावर आणि दुसरा कपाळावर.

"या काकू. कोण चालवणार? साहेब?"

"साहेब फक्त चहा पितात," आत्या म्हणाली. "मी चालवणार."

पहिलं यंत्र सुरू झालं तशी खोलीतली काच थरथरली. बाबांनी आपला अर्धा भरलेला चहाचा कागदी पेला यंत्राच्या टेबलावर ठेवला. चहात आधी बारीक वर्तुळं उठली, मग ती एकमेकांत मिसळली, आणि पेला आपल्या पायांनी चालल्यासारखा कडेला निघाला.

"हा चालला घरी," बाबांनी पेला उचलला. "पुढचं स्थळ दाखवा."

दुसरं यंत्र शांत होतं. चहावर दोनच वर्तुळं, तीही जागच्या जागी. पण पातं बसवायला चावी लागत होती. पान कापायचं तर आधी लाकडाला सुईएवढं भोक पाडून त्यातून पातं ओवावं लागतं, म्हणजे प्रत्येक पानाला पातं सोडायचं आणि पुन्हा बसवायचं. आत्याने एकदा सोडलं, बसवलं. दुसऱ्यांदा चावी तिच्या हातातून टेबलाखाली गेली.

"झाडभर पानांसाठी मी हे करणार?" ती म्हणाली. "त्यापेक्षा मी पावट्याच्या शेंगा सोलेन."

मग तिसरं. दुकानदाराने वरचा दांडा नुसता हाताने उचलला, पेटीचं झाकण उघडावं तसा. पात्याचं वरचं टोक हाताने आवळायच्या एका खिट्टीत. सोडलं, ओवलं, आवळलं. आत्याने करून बघितलं. पुन्हा एकदा केलं. पायाखाली पायडल होतं. दाबलं की वेग वाढायचा, सोडलं की पातं जागीच थांबायचं.

बाबांनी पेला ठेवला. मी वाकून चहाकडे बघितलं. एकही वर्तुळ नव्हतं. चहात खोलीतला दिवा दिसत होता, न हलता.

"आत्या," मी म्हणाले, "हे घे."

"तू गप. अजून पान कुठे कापलंय."

पण तिचे डोळे चमकत होते. तिने पिशवीतून मेपल आणि अक्रोड काढलं, मेपल वर, अक्रोड खाली. कडेला चिकटपट्टी लावली, पानाचा कागद डकवला, सुईने भोक पाडलं. दुकानदाराने यंत्राचं टेबल कलतं केलं. ते एकाच बाजूला पुरेसं कलत होतं. दुसऱ्या बाजूला मोटर आडवी यायची. आत्याने पायडलवर पाय ठेवला.

पातं लाकडात शिरलं आणि भुशाची बारीक धार उडाली. आत्याचे दोन्ही हात सपाट, बोटं पसरलेली, पोळपाटावर ठेवावीत तशी. मनगट हलतच नव्हतं. लाकूड फिरत होतं. डावीकडचं वळण आलं. ती तिथे थांबलीच नाही. टोकावर पायडल सोडलं, लाकूड जागच्या जागी वळवलं, पुन्हा दाबलं. इतकं टोकदार टोक तिच्या हातून कितीतरी दिवसांत निघालं नव्हतं.

"बाप रे," बाबा हळूच म्हणाले.

तिने दांडा उचलला, पापुद्रे सुटे केले आणि मेपलचं पान अक्रोडाच्या भोकावर ठेवलं.

पान भोकातून आरपार खाली पडलं. टेबलावर, भुशात.

आत्याने पान उचललं, पुन्हा ठेवलं. पुन्हा पडलं. सगळीकडून सैल होतं, आणि सारखं सैल. हात चुकला असता तर एकीकडे सैल, एकीकडे घट्ट झालं असतं.

"हां, काकू," दुकानदार म्हणाला, "तुम्ही डावऱ्या. तुम्ही उलट फिरवलंत. या टेबलाचा कल या बाजूला, म्हणजे लाकूड त्या बाजूने फिरवायचं. सवय होईल." आत्याची घरची फळी नेमकी दुसऱ्या बाजूला कललेली आहे.

आत्याने दुसरं पान लावलं आणि त्या बाजूने फिरवायला घेतलं. देठ निघाला. पहिल्या वळणावर लाकूड दोन पावलं पुढे आणि एक मागे असं अडखळायला लागलं. टोकावर तिने सवयीने उजवीकडे वळवलं, पातं कुरकुरलं आणि टोक तुटलं. उरलेलं पान शाळेतल्या मुलाने कात्रीने कापल्यासारखं दिसत होतं.

तिने पायडलवरून पाय काढला. चष्मा काढून चष्म्याच्या घरात ठेवला, आणि त्याचं झाकण टक् करून लावलं. तो आवाज मला ओळखीचा होता. काम संपलं की ती तो करते.

"यंत्र चांगलं आहे हो," ती दुकानदाराला म्हणाली. "तुमचा काही दोष नाही. माझे हात आता या वयात कुठे उलटे फिरायचे."

बाबा चहाकडे बघत उभे होते. माझ्या डोळ्यांपुढे छापील झाड आलं, सगळी पानं एकसारखी, हाताला गुळगुळीत.

पण दुसऱ्याच्या टेबलावर पसारा टाकून जाणारी आत्या नव्हे. तिने भुसा तळहाताने एकत्र केला. पहिल्या पानाचे तुकडे गोळा केले: मेपलचं पान, भोक पडलेलं मेपल, भोक पडलेलं अक्रोड, आणि अक्रोडातून निघालेलं पानाच्या आकाराचं गडद ढलपं. ते ढलपं नेहमी टाकूनच देतात. हरवू नये म्हणून तिने ते जवळच्या भोकात खालून दाबून ठेवलं. जवळचं भोक मेपलचं होतं.

मग तिने ते काढायला नख लावलं. निघेना. उलटं करून अंगठ्याने दाबलं. तरी निघेना.

"मायक्रोमीटर," ती म्हणाली, "हे बघ गं. हे अडकलंय."

मी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. फिकट मेपलमध्ये गडद अक्रोडाचं पान. देठापासून निघून मी कडेकडेने गेले. डावीकडचं वळण. टोक. पुन्हा देठ. नुसतं लाकडाला लाकूड.

"रेघ नाहीये," मी म्हणाले. माझा आवाज शेवटी चिरकलाच. "आत्या, कुठेच नाहीये. बूच उलटं निघालंय. वर निमुळतं, खाली रुंद. म्हणून वरचं पान पडलं आणि खालचं घट्ट बसलं. तू चुकली नाहीस. तुझे दोन पापुद्रे उलटे होते, बस."

"म्हणजे?"

"म्हणजे हात तसेच फिरव. फक्त पान खाली ठेव आणि जमीन वर."

आत्याने माझ्याकडे बघितलं. मग तिने हातातल्या तुकड्याकडे बघितलं. मग चष्म्याचं घर उघडलं.

"पण पानाचं लाकूड खाली गेलं तर त्याचे तंतू कुठे जातात ते मला दिसणार कसं?" हे ती मला विचारत नव्हती, पिशवीत पेन्सिल शोधत होती. "कागदावर बाण काढेन. देठाकडून टोकाकडे. मेपल आधीच बाणाच्या दिशेने लावून घेईन. छोट्या, तो पेला उचल, मध्ये येतोय."

अक्रोड वर, मेपल खाली. कागदावर बाण. या वेळी दुकानदारानेही दोन्ही चष्मे नाकावर घेतले. आत्याचे हात त्यांच्या नेहमीच्या दिशेने फिरायला लागले, आणि मला कळलं की आधीच्या पानाच्या वेळी ती दबकत होती. आता पायडल पूर्ण दाबलेलं होतं. भुशाची धार सरळ बाबांच्या बाहीवर. देठ, वळण, टोक, वळण.

मेपलचं पान तिने खालून अक्रोडात बसवलं आणि अंगठ्याने दाबलं. ते पाटीवर खडू टेकवल्याएवढा आवाज करून आत गेलं. तिने तुकडा डोक्यावर धरून जोरात हलवला. पान हललं नाही.

"बघू," बाबांनी हात पुढे केला.

"आता तू बघू म्हण," आत्या म्हणाली आणि तुकडा त्यांच्या हातात दिला. ती हसत होती, आणि भुवयांवर भुसा होता.

तेवढ्यात तिच्या पिशवीत फोन वाजला. तिने हात पदराला पुसले, फोन काढला, नाव बघितलं. आम्ही तिघं तिच्याकडे बघत होतो. तिने यंत्राच्या टेबलावर एक हात सपाट ठेवला.

"हो, बाई, मीच बोलतेय," ती म्हणाली. "नाही नाही, छापील काही चिकटवू नका. भिंत तशीच रिकामी ठेवा. झाड मी करतेय."