चंद्राबाईंची इर्जिक

हैबतराव गुरुजींना समाजसेवेचा सोस आहे, असं रिहे गावात सगळे म्हणत. मी त्यांच्याच शाळेत दुसरा मास्तर आणि त्यांच्याच ओसरीवरचा भाडेकरू, त्यामुळे खरं काय ते मला ठाऊक होतं. सोस बढतीचा होता. पंचायत समिती नवी नवी झाली होती, तिथे विस्तार अधिकाऱ्याची एक जागा निघणार होती आणि गुरुजी तेवढ्यासाठी गावावर उपकार करत सुटले होते. आज साक्षरतेचा वर्ग, उद्या ग्रामसफाई. घरी फक्त जेवायला यायचे, आणि जेवतानाही भाषणच पाठ करायचे.

शेत त्यांची बायको बघायची, चंद्राबाई. या खोऱ्यात भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, इर्जिकीने होते. आज सगळे माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. मजुरी नाही, तुम्ही ज्याच्याकडे जाल तो तुमच्याकडे येतो. त्या आषाढात चंद्राबाई अकरा घरच्या चिखलात वाकून आल्या होत्या. गुरुजी एकाच्याही नाही. "मी गावासाठीच राबतोय ना?" असं ते मला विचारायचे, आणि मी निर्लज्जपणे मान डोलवायचो.

रविवारी चंद्राबाईंची पाळी आली. गुरुजींनी नेमका तोच दिवस वनमहोत्सवाला दिला होता, कारण पंचायत समितीच्या साहेबांना तेवढाच दिवस मोकळा होता. आदल्या दिवशी ते शेजारच्या गेणबाकडे गेले.

"उद्या सगळ्यांनी झाडं लावायला यायचं. माझी आवणी मागाहून होईल."

"तुमची कुटली?" गेणबा म्हणाला. "आवणी चंद्रावैनीची हाय. रोपं जून व्हाया लागलीत. आमी तितंच जानार."

साहेब आले तेव्हा शाळेमागे पन्नास खड्डे, गुरुजी आणि मी. सगळं गाव समोरच्या खाचरात. साहेब शहरातले; त्यांना इर्जिक कशाशी खातात हेही ठाऊक नव्हतं.

"शेत कुणाचं?"

"माझंच, साहेब!" गुरुजी ऐटीत म्हणाले.

"मजुरी काय देता?"

"छे, मजुरी कसली!"

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "सरकारी नोकर असून गावाला फुकट राबवता? ही तर वेठ झाली. मला वर कळवावं लागेल."

गुरुजी साहेबांना बांधावर घेऊन गेले. "वेठ नव्हे, साहेब. आपण त्यांच्याकडे जातो, म्हणून ते आपल्याकडे येतात."

"असं? मग तुम्ही कुणाकडे गेलात?"

एक नाव पुरलं असतं. गुरुजी गेणबाकडे बघत राहिले, मग त्याच्या बाजूला लावणाऱ्या कोंडाजीकडे. दोघेही खाली वाकून रोपं लावत राहिले. मला त्यांची कीव आली नाही, मजा वाटली, हे कबूल करतो.

"मी गेलते, सायेब," चंद्राबाई चिखलातूनच म्हणाल्या. "अकरा घरी. ही मानसं माज्यासाठी आल्यात. ह्यांना कायबी इचारू नका, ह्यांना ह्यातलं कायबी ठावं न्हाई."

वेठीचं बालंट टळलं. "आणि यांना विस्तार अधिकारी व्हायचंय," एवढं पुटपुटून साहेब जीपकडे वळले.

गुरुजींनी घाईघाईने धोतर खोचलं, खाचरात उतरले आणि चंद्राबाईंपुढे हात करून रोपांची मूठ मागितली. जीप अजून रस्त्यावरच उभी होती.

"जीप गेली की मागा," चंद्राबाई म्हणाल्या आणि लावत लावत मागे सरकल्या.

जीप वळणाआड गेली, तेव्हा गुरुजी ओढ्यावर पाय धूत होते.