एंडांग, १९६४

रुकमान आयुष्यभर इतरांच्या चुका शोधत आला होता, आणि त्याबद्दल कुणी त्याचे आभार मानल्याचे त्याला आठवत नव्हते. बांडुंगमधल्या एका प्रकाशनसंस्थेत तो शाळेच्या पुस्तकांची मुद्रिते तपासत असे. छापील ओळीत त्याला जेवढे सुरक्षित वाटे, तेवढे माणसांत कधीच वाटत नसे. ओळ निदान उलटून बोलत नाही.

एकच चूक त्याला दुरुस्त करता आली नव्हती. त्याचे वडील, म्हणजे त्याचे अपा, मरेपर्यंत सांगत राहिले, की चौसष्ट साली 'इरामा फजार' नावाच्या वाद्यवृंदात एंडांग, म्हणजे ते स्वतः, गिटार वाजवत होते, गिटार लाल होती, आणि असल्या संगीतावर सरकारची वक्रदृष्टी झाली तेव्हा एक लष्करी साहेब ती उचलून घेऊन गेला. पुराव्यादाखल त्यांच्या पाकिटात वर्तमानपत्राचे एक पिवळे कात्रण होते. त्यात चार नावे होती, आणि शेवटी 'गिटार : एंडांग'. फोटो नव्हता. त्यामुळे अपांचे थोरले भाऊ, उवा ओयो, प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला तोच विनोद करीत : "आमच्या एंडांगने जन्मात एकच वाद्य वाजवलं. रेडिओ. तोही शेजाऱ्यांचा!" सगळे हसत. अपाही हसत. रुकमानची आई, एमा, मात्र ना हसे ना काही बोले. ती ताटे उचलून आत जाई.

अपांना जाऊन हजार दिवस व्हायला तीन आठवडे उरले होते. त्या दिवशी सगळे नातेवाईक जेवायला जमणार, आणि विनोदही जेवायला येणार, हे रुकमानला ठाऊक होते. मेलेल्या माणसाला हसता येत नाही. मग ते हसू कुणी निभावून न्यायचे?

अशा मनःस्थितीत तो चिहापितच्या जुन्या बाजारात शिरला, आणि सोलेहच्या दुकानात, शिवणयंत्र आणि पंख्याच्या मध्ये, त्याला ती लाल गिटार दिसली.

"हात लाव ना, चावत नाही," सोलेह म्हणाला. सोलेह म्हणजे सदाचारी. नावे ठेवताना आईबापांना पुढचे दिसत नाही. "जपानी आहे. साठ सालच्या आसपासची. आवाज ऐकशील तर बायकोला विसरशील."

"बायको नाहीये."

"मग तर बराच वेळ वाचला! थांब, आतली तार दाखवतो."

त्याने गिटारच्या अंगावरची पांढरी पट्टी चार स्क्रू काढून उचलली. खाली कोऱ्या लाकडावर खिळ्याने कोरलेली अक्षरे होती : एंडांग, १९६४.

त्याने घासाघीस केली नाही. बदल्यात मोटरसायकल दुकानदाराच्या दारात कायमची उभी करून, गिटार पाठीला लावून तो पायी घरी आला. वाटेत त्याला पहिल्यांदाच वाटले, की लोक आपल्याकडे पाहत आहेत आणि पाहोत.

पण मुद्रिते तपासणाऱ्याचा स्वभाव आड आला. उवा विचारणार, ही इतकी वर्षे होती कुठे? पुराव्याला पुरावा हवा. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा सोलेहपुढे उभा राहिला.

"कुठून आली? एका मोठ्या वादकाची विधवा रडत रडत विकून गेली," सोलेह म्हणाला.

"खरं सांगा, कांग," रुकमान त्याला थोरल्या भावासारखे आळवत म्हणाला.

"बरं. डच बोटीवरून उतरली होती."

"जपानी गिटार?"

सोलेहने डोके खाजवले. "अरे, तुला कुठली गोष्ट हवी ते सांग ना, मी ती सांगतो! मला वाटलं, मोटरसायकल देणाऱ्याला निदान विधवा तरी द्यावी." मग त्याने खरे सांगितले : चिमाहीतल्या एका निवृत्त कर्नलच्या घराची अडगळ त्याने एकगठ्ठा उचलली होती. कर्नल वारले होते. मुलाने गाडी भरून दिली.

लष्करी साहेब! रुकमानला अपांचे प्रत्येक वाक्य एकामागून एक शुद्ध ठरताना दिसू लागले. रविवारी त्याने चिमाहीचे ते घर गाठले. चोराच्या घरी जावे तसा, मनात दोन कडक वाक्ये पाठ करून.

दार एका ठेंगण्या वृद्धेने उघडले. पांढरा रुमाल डोक्याला घट्ट, हातात चष्मा.

"एंडांग यांच्या गिटारबद्दल विचारायचं होतं," रुकमान म्हणाला, आणि पाठ केलेली वाक्ये जागच्या जागी विसरला.

वृद्धेने त्याच्या पाठीवरच्या पिशवीकडे पाहिले. मग रस्त्याच्या दोन्ही टोकांना नजर टाकून म्हणाली, "आत ये. मोठ्याने बोलू नकोस. एंडांग मीच."

रुकमानने क्षणभर तिचा चेहरा नीट तपासला, जणू तिथे छपाईची चूक असावी.

"पण एंडांग... एंडांग म्हणजे पुरुष."

"तुम्हा इकडच्या सुंदा लोकांत असेल बाप्या!" ती खुदकन हसली. "मी केदिरीची. आमच्या जावात एंडांग बाईचंच नाव. इथे आले तेव्हापासून हा घोटाळा भोगतेय. बँकेतून पत्रं येतात, 'श्रीमान एंडांग'. नवरा म्हणायचा, दोन पुरुषांच्या संसारात स्वयंपाक कुणी करायचा?"

"आणि कर्नलसाहेबांनी ही गिटार..."

"जप्त करायला आला होता. लेफ्टनंट होता तेव्हा. गिटार घेऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी पावती द्यायला परत आला. मग रोजच पावती द्यायला यायला लागला." तिने पिशवीची चेन उघडली, पण गिटार बाहेर काढली नाही, फक्त तारांवर बोटे ठेवली. "पोरांना वाटतं, ही त्यांच्या बापाची. मी महिला मंडळाची अध्यक्ष. गुरुवारी पंचवीस बायका कुराण वाचायला येतात. त्यांना काय सांगू, मी मांडी दिसेल इतक्या आखूड झग्यात नाचून वाजवत होते?"

रुकमानने पाकिटातून ते पिवळे कात्रण काढून तिच्यापुढे धरले. तिने चष्मा लावला.

"हे तुझ्याकडे कसं?"

"माझे अपा म्हणायचे, हा एंडांग म्हणजे ते. त्यांचंही नाव एंडांगच."

वृद्धेने चष्मा कपाळावर सरकवला. "रबरी चपलावाला एंडांग?" ती हळूच म्हणाली. "अरे देवा. तुझा बाप तो? आमचा ॲम्प्लिफायर उचलायचा. त्या डब्याला हात लावला की झटका बसायचा, म्हणून झोपतानाही रबरी चपला! आम्ही हाक मारली, 'एंडांग!', की दोघंही 'ओ' द्यायचो. गिटार लावायचा तोच. मला सूर लावायचा कंटाळा. वाजवायचे मी, पण तारा त्याच्या. थोड्या चढ्याच लावायचा नेहमी. गायक चिडायचा."

थोड्या चढ्या. रुकमानला अपांचे न्हाणीघरातले गुणगुणणे आठवले, जे प्रत्येक गाण्यात केसभर वर राहायचे. अपांनी सांगितलेले सगळे खरे होते. गिटार लाल होती, साहेबाने नेली होती, एंडांगच वाजवत होता. वाक्यात फक्त कर्ता चुकला होता. आणि त्यांच्या भाषेत 'तो' आणि 'ती' यांना शब्दही एकच.

निघताना वृद्धेने त्याचा दंड धरला. "तुझ्याच बापाची म्हणून ठेव की. नाव तर बरोबर आहे. मला ती आता कुठे ठेवता येतेय?"

हजाराव्या दिवशी प्रार्थना झाली, पिवळ्या भाताचा शंकू कापला गेला, आणि आल्याच्या गरम बांद्रेकचे पेले फिरले. रुकमानने मनात एक वाक्य तयार ठेवले होते. तीन दिवस त्याने ते घासूनपुसून निर्दोष केले होते : अपा गिटार वाजवत नव्हते, पण गिटार त्यांच्यामुळे सुरात होती. यात खोटे काही नव्हते, आणि हसण्यासारखेही नव्हते. त्याने गिटार मध्यभागी ठेवली, पट्टी उचलली, घसा खाकरला.

उवा ओयो त्याच्याआधी पुढे वाकले. त्यांनी अक्षरे वाचली, बोटाने चाचपली. पेला खाली ठेवला.

"एंडांग," ते म्हणाले. आवाज चक्क भरून आला होता. "म्हणजे पोरगा खरं..." मग त्यांनी सभोवार पाहिले. सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर होते. चाळीस वर्षांचा हिशेब मागणारे डोळे. उवांनी छाती पुढे काढली. "मला विचारा ना! मी होतो तिथे. त्याचा तो बाजा, आवाजाचा डबा, कोण उचलायचं? मीच! काय झटके खाल्लेत म्हणून सांगू!"

"खरंच, उवा?" कुणीतरी कौतुकाने विचारले. उवांनी लगेच दंडावरचा, सायकलवरून पडल्याचा व्रण दाखवला.

रुकमानचे निर्दोष वाक्य घशातच राहिले. ते आता खरे असून निरुपयोगी होते. मेलेल्या भावाला गिटार देऊन जिवंत भावाने त्याची खरी जागा पटकावली होती.

पाहुणे गेल्यावर तो स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. एमा पातेले घासत होती.

"एमा, एक सांगायचंय. ती गिटार..."

"दोन वेण्या होत्या, ती वाजवणाऱ्या पोरीला," एमा मागे न वळता म्हणाली. "लाल फिती. मी तिसऱ्या रांगेत बसले होते."

"तुला माहीत होतं? आणि तू अपांना कधीच..."

"काय बोलणार? सगळा मांडव तिच्याकडे बघत होता. तेवढ्यात एक पोरगा झटका बसून पडद्यासकट खाली आला. उठला, चपला घातल्या आणि परत डब्यापाशी जाऊन उभा राहिला. मी त्याच्याकडेच बघत राहिले." तिने पातेले पालथे घातले. "नंतर लग्न झाल्यावर हा म्हणाला, गिटार वाजवत होतो. म्हटलं, असू दे. पडला होता हे सांगायची लाज वाटत असेल."

रुकमानने गिटार उचलून आणली, एक तार छेडली. तीन दिवसांपूर्वी त्याने ती बाजारातल्या माणसाकडून नीट सुरात लावून घेतली होती. आता त्याने खुंटी जराशी पिळली. तार थोडी वर चढली.

"हां," एमा म्हणाली. हात पुसत तिने पांढरी पट्टी त्याच्यापुढे केली. "आता हे झाक. आणि स्क्रू चार होते ना? तीनच दिसतायत. तुझ्या उवाने एखादा खिशात घातला असेल, उद्यापासून दाखवत फिरायला."