अर्ध्या बोटाची ढील

आमच्या आळीने जानेवारीत जो निर्णय घेतला त्याचा कागद कुठेही नाही. मारुतीच्या पारावर बसून पंधरा-वीस कर्त्या पुरुषांनी ठरवले की इथून पुढे पलीकडच्या मोहल्ल्यातल्या कोणालाही काम सांगायचे नाही. आमच्या फैजपुरात काही घडले नव्हते. दंगली झाल्या त्या शेकडो मैलांवर, आणि आळीपर्यंत पोहोचल्या त्या वर्तमानपत्रातून. पण शिक्षा देण्याची इच्छा अनावर होती. ज्यांना द्यायची ते दूर होते आणि गनी मिस्त्री जवळ होता.

मी धुळ्याला इतिहास शिकवतो. बहिष्कार या संस्थेवरची माझी व्याख्याने विद्यार्थी उतरवून घेतात. त्या संक्रांतीला मी घरी आलो तेव्हा थोरल्या भावाने, रुपचंदने, हा निर्णय मला तिळगुळाच्या ताटाबरोबर सांगितला. मी तिळगूळ खाल्ला.

आमच्या दारात एक जुनी अॅम्बॅसिडर उभी असे. ती हौसेखातर घेतलेली नव्हती. माझी आई यशोदाबाई, तिला आम्ही माय म्हणतो, तिचा उजवा डोळा काचबिंदूने पूर्वीच गेला होता. उरलेल्या डाव्या डोळ्याबद्दल जळगावच्या डॉक्टरांनी बजावले होते की त्यात कळ उठली, दिव्याभोवती रंगीत कडे दिसू लागले, की घरगुती उपाय करीत बसू नका. त्याच क्षणी निघा. त्या एका क्षणासाठी गाडी होती. सहा वर्षे तिची देखभाल गनीने केली. गाडी सुरू झाली की आळीच्या तोंडाशी असलेल्या आपल्या दुकानात बसल्या बसल्या तो तिचे दुखणे ओळखत असे.

१९९३ च्या मे महिन्यात मी सुटीवर होतो. गाडी रोज सकाळी सुरू होताना किंचाळू लागली होती. इंजिनाच्या पुढच्या अंगाला एक रबरी पट्टा असतो. पंखा, पाण्याचा पंप आणि डायनॅमो हे तिघेही त्याच्याच जिवावर फिरतात. त्या पट्ट्याला आडव्या भेगा पडल्या होत्या. भाऊ रोज बॉनेट उघडून त्या भेगा पाहत असे आणि बॉनेट बंद करीत असे. गनीला बोलवायचे नव्हते आणि दुसरा मिस्त्री भुसावळला होता.

एका दुपारी गनी स्वतःच आला. नवा पट्टा त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. तो ओट्याच्या खालीच थांबला. भावाने पट्टा घेतला, वर ये म्हटले नाही.

"बसवा तुम्हीच," गनी म्हणाला. "पन रुपाभाऊ, जास्त आवळू नका. मधोमध अंगठा दाबायचा. अर्धं बोट दबला पाहिजे. त्याच्याहून कमी नाही."

बंद बॉनेटकडे त्याने एकदा पाहिले आणि तो गेला. समोरच्या ओट्यावर वनाआबा बसले होते. पारावरच्या बैठकीत सर्वांत आधी तेच बोलले होते. त्यांनी हे दृश्य शांतपणे पाहिले, मग घसा साफ केला.

"ढिला ठेवा म्हने. म्हंजे चार रोजात पट्टा निसटला पाह्यजे, आन् तुम्ही त्याच्या दारात उभे पाह्यजे."

ही मीमांसा भावाला पटली. आळीतल्या प्रत्येकालाच पटली असती. ज्याच्यावर अन्याय केला त्याच्या सल्ल्यात डाव शोधणे ही अन्याय करणाऱ्याची जुनी सोय आहे, आणि तीवर मला दोन तास बोलता येते.

रविवारी भावाने काम काढले. विजेची मोटर येण्यापूर्वी आमच्या विहिरीवर ऑइल इंजिन होते, त्याचा रुंद, सपाट पट्टा भावाने वीस वर्षे सांभाळला होता. तो पट्टा पहारीने ताणून बसवायचा आणि वर राळ चोळायची, नाहीतर तो घसरे आणि केळीच्या बागेत पाणी पोहोचत नसे. पट्टा ढिला तं पानी मेलं, असे तो म्हणे. केळीच्या मुलखात हे वाक्य वेदवाक्यासारखे चालते आणि त्या इंजिनापुरते ते खरेही आहे.

मी मांडीवर गाडीबरोबर मिळालेले इंग्रजी पुस्तक घेऊन बसलो होतो. त्यात गनीचेच म्हणणे लिहिलेले होते. बोटाऐवजी इंचात, एवढाच फरक. मी ते वाचून दाखवले.

"प्रोफेसर," भाऊ म्हणाला, "पुस्तकानं केयीले पानी भेटत नही."

मी हसलो.

त्याने डायनॅमोचा बोल्ट सैल केला, डायनॅमो आत ढकलला, जुना पट्टा पंख्याच्या पात्यांवरून एकेक करून सोडवला आणि नवा तसाच चढवला. मग इंजिन आणि डायनॅमो यांच्यामध्ये पहार घातली आणि मला तिच्यावर भार द्यायला सांगितले. मी पुस्तक बाजूला ठेवले. दोन्ही हातांनी पहार दाबून धरली आणि भावाने बोल्ट आवळला. अंगठा लावून पाहिला तर पट्टा तसूभरही दबत नव्हता. तारेसारखा ताठ होता. भावाने त्यावर राळ चोळली आणि गाडी सुरू केली.

किंचाळणे थांबले होते. वनाआबांनी समोरून मान डोलावली. आळीच्या दृष्टीने आवाज बंद होणे म्हणजे दुखणे बरे होणे.

चार-पाच दिवसांनी बॉनेटमधून बारीक भुणभुण ऐकू येऊ लागली. अति ताणाने पंपाची बेअरिंग झिजत होती. हे मला आज कळते, गनीला तेव्हाच कळले असावे. शेताकडे जाताना गाडी त्याच्या दुकानावरून गेली तेव्हा तो पान्हा हातात घेऊन रस्त्याच्या कडेपर्यंत आला आणि त्याने हात वर केला. भाऊ समोर पाहत राहिला. शेजारी मी बसलो होतो. मीही समोरच पाहिले.

नवव्या दिवशी पहाटे माय उठली आणि देवापुढे निरांजन लावताच मागे सरली.

"दिव्याभवती कडं दिसू राह्यलं," ती म्हणाली. "कळ बी उठली."

सहा वाजता आम्ही जळगावला निघालो. बामणोद मागे टाकल्यावर भुणभुण घरघरीत बदलली, मग कडाड असा आवाज झाला. बेअरिंग फुटून पंप डुगडुगला होता आणि पंख्याच्या पात्याने रेडिएटर फाडला होता. पाणी रस्त्यावर वाहत होते.

सात वाजता भुसावळची एसटी आली. मी हात दाखवला, ती थांबलीही. भावाने कंडक्टरला पुढे जायला सांगितले. गाडी अशी रस्त्यावर टाकून मोटारवाले एसटीत चढले ही बातमी दुपारपर्यंत पारावर पोहोचली असती. फाटलेल्या जागी त्याने साबण आणि चिंध्या कोंबल्या, शेजारच्या मळ्यातून घागरी आणल्या, पंखा पुन्हा फिरू नये म्हणून पट्टा कापून काढला. मैल-दीड मैल गाडी गेली आणि वाफेत उभी राहिली. पुन्हा चिंध्या, पुन्हा घागरी. माय मागच्या सीटवर पदराने डोळा दाबून बसली होती. दोनदा ती ओकली. मध्ये एकदाच तिने विचारले की अजून किती लांब आहे, आणि भाऊ म्हणाला की झालंच. साडेदहाला इंजिन जाम झाले. अकरानंतर केळीचा ट्रक मिळाला, त्याने भुसावळला सोडले, तिथून रिक्षाने स्टँड, मग बस. जळगावला डॉक्टरांच्या टेबलाशी पोहोचलो तेव्हा दोन वाजले होते.

डॉक्टरांनी उशीर हा शब्द वापरला नाही. कळ किती वाजता उठली, एवढेच त्यांनी दोनदा विचारले. शस्त्रक्रिया त्याच दिवशी केली. आठव्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा माय खिडकीच्या उलट दिशेला तोंड करून म्हणाली, की पट्टी काढा.

गाडी ट्रॅक्टरला बांधून घरी आणली होती. महिनाभर तिला कोणी हात लावला नाही. मग एक दिवस माय म्हणाली, "गनीले बलाव." भाऊ उठला नाही. मी गेलो.

गनी भर दुपारी, आळीच्या मधून आला. जाम झालेले इंजिन त्याने चार दिवस खोलून दुरुस्त केले, नवा पंप घातला, रेडिएटर डाग देऊन आणला. पारावरचा निर्णय कोणी मागे घेतला नाही. ज्याचा कागद नाही तो मागे घेण्याचीही सोय नसते. वनाआबांनी त्या दिवसांत ओट्यावर बसणे सोडले, इतकेच.

पाचव्या दिवशी गनी नवा पट्टा चढवत असताना माय भिंत, खांब, मडगार्ड असे चाचपत गाडीपाशी आली.

"अंगठा कुठी दाबा लागते रे?"

गनी बाजूला झाला. "अक्का, पट्ट्याच्या दोन चाकांच्या मधात. हां, तिथंच."

तिने दाबला. पट्टा अंगठ्याखाली सहज, अर्धे बोट, आत गेला आणि परत आला.

"इतकंच व्हतं?"

गनीने डायनॅमोच्या बोल्टला शेवटचा पिळा दिला. भाऊ दारातून आत निघून गेला. मी पहार उचलून दुसऱ्या जागी ठेवली, जिथे तिची काही गरज नव्हती.

माय पुन्हा पुन्हा अंगठा दाबून पाहत होती.