शीलाआत्याचं दार बसलं

"आमच्या घरात कुणी ‘बसलं’ म्हणालं, की आपण उठायचं," लग्नानंतर मिलिंदने मला बजावलं होतं.

"आणि जेवायला बसलं असेल तर?" मी विचारलं. तो हसला नाही. मीच हसले.

बेलवलीतली ती बंगली त्याच्या आजोबांनी, धोंडिबांनी, स्वतःच्या हातांनी उभी केली. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते सुतार होते. मशीनच्या खोक्यांच्या फळ्या आणायच्या, सुट्टीच्या दिवशी रंधा मारायचा. आजी सुंदराबाई खालून फळी देणार, ते वर ठोकणार. व्हरांड्याच्या खांबांवर पिंपळाची पानं कोरलीत, एकासारखं दुसरं नाही. पण जमीन भुसभुशीत. बांधताना एखादा खांब खचला की धोंडिबा ओरडायचे, "बसलं." पोरंबाळं सगळी अंगणात. तो शब्द घरात तसाच राहिला.

आता तिथे त्यांची मुलगी, आमची शीलाआत्या, एकटी राहते. शेजारी टॉवरसाठी खोल खड्डा खणलाय, तरी हलत नाही. "बिल्डरला म्हटलं, असा एक खांब कोरून दाखव, मग सही करते."

आज तिच्याकडे अडकणारं दार घासून नीट बसवायला मिस्त्री येणार होता. दुपारी तिचा फोन आला.

"जय भीम गं. पोराच्या कांजिण्या काय म्हणतात?"

"सुकतायत, आत्या. मिस्त्री आला?"

"दार बसलं, बाई."

"चला, बरं झालं."

ती "तू पोराकडे बघ," म्हणाली आणि फोन ठेवला.

भांडी घासताना मला मिलिंदचं बोलणं आठवलं. तेव्हापासून काही सुचत नाही. दार चौकटीत नीट बसलं, की चौकटच खाली बसली? मिस्त्री आला की नाही, ते तर ती बोललीच नाही. आता फोन लागत नाही. मिलिंदचा मोबाइल कामावर गेटपाशी जमा. आणि मी इथे कात्रपला, अंगभर फोड आलेलं लेकरू मांडीवर घेऊन. एकदा वाटतं, उगाच घाबरतेय, आत्या झोपली असेल. लगेच वाटतं, तिने मला उठवायलाच फोन केला होता.

बेलवलीत कुणी असाल तर जरा जाऊन बघा. पत्रे ठोकलेल्या खड्ड्याला लागूनच पिंपळपानांचे खांब दिसतील. व्हरांड्यात चढू नका, अंगणातूनच हाक मारा, शीलाआत्या म्हणून. "या, बसा," म्हणाली तरी बसू नका. आधी तिला बाहेर बोलवा.