काकांना गाण्याचा कान आहे

काकांना गाण्याचा कान आहे, हे काकूंनी लग्नाआधीच ओळखलं होतं. काका तेव्हा नुकतेच कारखान्यात लेथ मशीनवर कामाला लागले होते आणि काकू आपल्या वडिलांच्या शिलाईच्या दुकानात मशीनवर बसायच्या. नवी पँट थोडी लांब होते म्हणून काका दुकानात आले, तेव्हा काकू आतल्या बाजूला पायडल मारत गात होत्या. पुढच्या आठवड्यात काका तीच पँट घेऊन परत हजर. अजून जरा लांब वाटते म्हणाले. मग पुन्हा आले. शेवटी काकूंचे वडील वैतागले आणि म्हणाले, "अहो, आता हिची सरळ अर्धी चड्डी करायची का?" तेव्हा कुठे स्वारीने खरं काय ते कबूल केलं.

त्याआधी काकांचं गाणं म्हणजे नुसता धिंगाणा होता. गिटारी, ड्रम आणि घसा फाडून ओरडणारी चार पोरं. त्यांच्या आईने एकदा वैतागून रेडिओ पाण्याच्या बादलीत बुडवायची धमकी दिली होती म्हणे. पण काकूंचं गाणं ऐकलं आणि गडी पार बदलला. काकू ज्या गायिकेची गाणी म्हणायच्या तिचा आवाज तारेसारखा बारीक आणि उंच. काकांनी तिच्या होत्या नव्हत्या तेवढ्या कॅसेट जमवल्या. मित्र चिडवायचे, "बायकोने तुला कानाला धरून फिरवलंय." काका हसून म्हणायचे, "फिरवू दे की."

मग लेक झाली. ती शब्द ऐकले की जागी व्हायची, म्हणून घरात नुसती वाजवायची गाणी सुरू झाली, बासरी आणि व्हायोलिन, तीही पुटपुटल्यासारखी. लेक मोठी झाली आणि तिने आणलेली गाणी काका नाक मुरडत ऐकायला लागले. महिन्याभराने पाहावं तर आंघोळ करताना तीच गुणगुणतायत! लेक नोकरीसाठी दूर गेली तेव्हा रडकी गाणी आली. ऐकून ऐकून काकूंच्या डोक्याचा भुगा झाला. एकदा तर त्या म्हणाल्या, "अहो, पोरगी नोकरीला गेलीय, लढाईवर नाही." पण मनातून त्यांना बरं वाटायचं. माणूस आतून कसा आहे हे त्याच्या तोंडावरून कळायचं नाही, पण घरात कुठलं गाणं लागलंय यावरून काकू बरोबर ओळखायच्या.

म्हणूनच तर आता त्यांच्या जिवाला घोर लागला होता.

काका निवृत्त झाले त्याच्या थोडं आधीपासून त्यांची आवड पुन्हा फिरली. तारेच्या आवाजाची ती गायिका कपाटात गेली आणि एक जाड्याभरड्या आवाजाचा गायक घरात आला. तो गायचा म्हणजे पिंपात तोंड घालून बोलायचा, आणि मागे नुसतं घुम्म घुम्म. बरं, तेही चालवून घेतलं असतं. माणसाची आवड आहे, बदलते. पण काका ते लावायचे कधी? दुपारचा चहा झाला, काकू खिडकीजवळच्या मशीनवर बसल्या, पायडलवर पाय गेला आणि गळ्यातून पहिली ओळ निघाली, की बरोबर त्याच वेळेला! काका उठणार, स्पीकर लावणार, आवाज मोठा करणार आणि डोळे मिटून खुर्चीत बसणार.

पहिल्यांदा काकूंना वाटलं, योगायोग असेल. मग वाटलं, चेष्टा करतायत. त्या हट्टाने अजून मोठ्याने गाऊन बघायच्या. काका जागचे हलायचे नाहीत. असं किती दिवस चालायचं? शेवटी एका दुपारी काकूंनी ओळ अर्धवट सोडली आणि त्यानंतर गायच्याच बंद झाल्या. काकांनी विचारलंसुद्धा नाही. हे मात्र काकूंना फार लागलं. ज्या आवाजासाठी या माणसाने पँटचं वाटोळं करून घेतलं, तोच आवाज आता त्याला नकोसा झालाय, दुसरं काय?

सरळ विचारायचं ना मग, असं तुम्ही म्हणाल. विचारतील तर त्या काकू कसल्या! विचारल्यावर खरंच "हो, नको वाटतं" असं उत्तर आलं असतं तर काय करायचं होतं?

त्यातून या घरात बोलणं हा प्रकारच अवघड. काकूंच्या तोंडात कायम टाचण्या. ओठांत चार टाचण्या धरून त्या बोलायच्या आणि लग्नाच्या पहिल्या वर्षापासून काकांचं उत्तर एकच, "काय म्हणालीस?" मध्ये त्यांनी काकांना सांगितलं, "येताना काळं रीळ आणा," तर काका डझनभर केळी घेऊन आले. काकू पोट धरून हसल्या आणि टाचण्यांना दोष देऊन मोकळ्या झाल्या. तेव्हा तोंडात टाचण्या नव्हत्याच, हे त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

लेकीचा फोन आला तेव्हा मात्र काकूंचा बांध फुटला. "मी येते तुझ्याकडे," त्या म्हणाल्या.

"ये की. कधी? किती दिवस?"

"बघू. परतीचं काही ठरवलेलं नाही."

 लेक हळूच म्हणाली, "बाबा काही बोलले का?"

"बोलायला कशाला पाहिजे? त्यांना माझा आवाज नकोसा झालाय. मी घर सोडून गेले तर तेवढीच शांतता मिळेल त्यांना."

काकांना सांगितलं तर ते फक्त "जाऊन ये" म्हणाले. तोंड एवढंसं झालं होतं, पण काकू रागात होत्या, त्यांनी बघितलं नाही. बॅग भरून दाराशी ठेवली. हाती घेतलेले कपडे शिवून गिऱ्हाइकांना देऊन टाकले, एक पडदा तेवढा राहिला होता.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी काका आपली हत्यारांची पेटी घेऊन मशीनपाशी आले. "तू नाहीस तर मशीन बंद पडून राहील. तेल घालून बघून ठेवतो."

"काही नको."

"काय म्हणालीस?"

"घाला म्हटलं!"

काकांनी मशीनच्या पोटात तेल घातलं. मग पेटीतून लांब स्क्रूड्रायव्हर काढला, त्याचं टोक मशीनच्या लोखंडावर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबून धरली. कारखान्यात ते मशीनचं दुखणं असंच शोधायचे. लोखंडातून आवाज सरळ हाडात येतो, कुठे काय झिजलंय ते कळतं. "मार पायडल," ते म्हणाले.

काकूंनी राहिलेला पडदा सुईखाली सरकवला. नेहमीसारख्या त्या टेबलावर वाकल्या, छाती फळीला टेकली आणि पाय चालायला लागले. आता सवय म्हणजे सवय. पायाला लय सापडली आणि गळा आपोआप उघडला. राग डोक्यात, बॅग दाराशी आणि तोंडात गाणं! आपण गातोय याचं त्यांनाच भान नव्हतं.

काकांच्या कपाळाला आठी पडली. "थांब, थांब. कुठेतरी घासतंय."

काकू थांबल्या. काका म्हणाले, "आता नाही. परत मार."

काकूंनी पुन्हा सुरू केलं, गाण्यासकट.

"हां, हेच! आलं बघ. बारीक कूं कूं करतंय, मध्येच वर चढतंय. बेअरिंग गेलंय तुझं."

काकूंचे पाय जागच्या जागी थबकले. त्या ताडकन उठल्या. "बेअरिंग? अहो, मी गातेय! बाकी सगळं करा, पण माझ्या गाण्याला घासतंय म्हणता? लाज नाही वाटत?"

आता त्या काकांच्या समोर उभ्या होत्या आणि ओरडत होत्या, त्यामुळे काकांना शब्द न् शब्द ऐकू आला. ते स्क्रूड्रायव्हर तसाच कानाला धरून उभे राहिले.

"तू गातेस?"

"मग काय मशीन गातंय?"

"अगं, पण तू तर गायचं कधीच सोडलंस. वर्षं झाली."

"मी सोडलं? मी तोंड उघडलं की तुम्ही त्या पिंपवाल्याला बोलावता! रोज! मी आपली त्याच्याबरोबर भांडल्यासारखी गातेय. शेवटी दमले आणि गप्प बसले."

काका मटकन खुर्चीत बसले. फळीला टेकलेल्या तिच्या छातीतून लोखंडात उतरला तो तिचाच आवाज होता तर! मग म्हणाले, "तू मशीनवर बसलीस की पूर्वी गायचीस. मग एकदम बंदच झालं. मला वाटलं, माझ्यावर रागावलीस, नाहीतर कंटाळलीस. त्या वेळेला घर खायला उठायचं गं. म्हणून मी ते लावायचो. तेवढं एक नीट ऐकू येतं. बाकीचे सगळे हल्ली पुटपुटतात."

"कोण पुटपुटतं?"

"सगळेच. ती कॅसेटवालीसुद्धा."

काकूंना एकदम केळी आठवली. डझनभर केळी, आणि दार वाजलं तरी ढिम्म न हलणारे काका, आणि दर फोनवर "बाबा, मी काय विचारतेय" असं तीन तीनदा म्हणणारी लेक. त्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. ज्या माणसाच्या गाण्यावरून आपण त्याचं मन ओळखतो म्हणून एवढी मिरवत होते, त्याला ऐकू येत नाही हेच ओळखलं नाही! त्यांनी काकांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि त्यांचा कान दोन्ही हातांनी धरून त्यात ओरडल्या, "वेडे आहात तुम्ही! आणि मी दुप्पट!"

लेकीला फोन करून सांगितलं, येत नाही. तिने कारण विचारलं तर म्हणाल्या, "तुझ्या बाबांचं बेअरिंग गेलंय."

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी काकांना एका खोलीत बसवून तपासलं. म्हणाल्या, आयुष्यभर लेथच्या आवाजात काम केलंय, त्यात बारीक आवाज आधी जातात, जाड मागे राहतात. काकांनी मान डोलावली. झीज म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. थोड्या दिवसांनी कानाचं मशीन आलं.

ते लावून घरी आले त्या दुपारी काकांनी पहिली गोष्ट काय केली असेल? कपाटातून जुन्या कॅसेट काढल्या. काकू मशीनवर बसल्या होत्या, पण हात चालत नव्हते. तारेच्या आवाजाची ती गायिका इतक्या वर्षांनी घरात गायला लागली. काकांनी डोळे मिटले, कान दिला, आणि हळूहळू त्यांचा चेहरा वाकडा व्हायला लागला.

"ही आधीपासून अशीच किंचाळायची?"

"किंचाळते काय! जीव टाकायचात तिच्यावर."

"टाकत असेन. आता नाही सोसत," म्हणून काकांनी कॅसेट बंद केली. "तू म्हण."

आली का पंचाईत!  इतके दिवस काकांना ऐकू येत नव्हतं, पण काकूंना स्वतःला तर येत होतं ना. वरची ओळ आता गळ्याला झेपत नव्हती. आवाज खाली उतरला होता, कडेला जरा फाटला होता. हा माणूस ज्या आवाजाची वाट बघत समोर बसलाय तो आता घरात नाहीच, हे त्याला कसं सांगायचं? ऐकू येत नव्हतं तेच बरं होतं, असंही क्षणभर त्यांच्या मनात आलं.

"उद्या म्हणते," त्या म्हणाल्या.

"उद्या नाही. आत्ता."

काकूंनी पडद्याचं कापड हातात घट्ट धरलं आणि सुरुवात केली. पायडल नाही, मशीन नाही, नुसता गळा. पहिली ओळ कशीबशी पार पडली. दुसरीत आवाज वर जाईना, म्हणून त्यांनी ती खालीच म्हटली. काकांकडे बघायचा धीर होत नव्हता. कडवं संपलं तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"आवाज जाड झालाय तुझा," काका म्हणाले.

काकूंचे डोळे भरून आले. "वय झालं माझं. तुमचे कान गेले तसा माझा गळा गेला. कळलं ना आता? लावा तुमचा तो पिंपवाला."

"तो कशाला?" काका खुर्ची ओढत मशीनच्या अगदी जवळ आले. "अगं, हल्ली मला जाडच आवाज आवडतो. तुला तर माहीतच आहे की."

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग पदराने नाक पुसलं आणि दुसरं कडवं सुरू केलं, तेही आणखी खालून.