फॉर्ममधला जिना

भरपाईच्या कचेरीतल्या अधिकारी बाईंनी दवाखान्याचा फॉर्म टेबलावर सरकवला. "हे अक्षर कुणाचं?"

माझं होतं. 'जखम कशी झाली' या रकान्यात मी लिहिलं होतं : घरी, जिन्यावरून पडून.

माझा धाकटा भाऊ बंदरात कामाला आहे. जहाजावरचे कंटेनर लोखंडी सळ्यांनी आवळून बांधायचे, हे त्याचं काम. दोन महिन्यांपूर्वी एक सळई निसटली आणि त्याच्या उजव्या हाताची बोटं चेचली. मुकादमानं त्याला बंदराच्या दवाखान्यात न नेता गावातल्या दवाखान्यात आणलं आणि मला बोलावून घेतलं. "दादा, तुमचं अक्षर छान, तुम्हीच भरा." कसं झालं, असं मी विचारलं, तर भाऊ डोळे मिटून म्हणाला, "जिन्यावरून पडलो." त्याच्या बुटांना वंगण लागलं होतं, शर्टावर गंज होता. चारचौघांत उलट विचारणं मला जन्मात जमलेलं नाही. मी लिहून टाकलं.

खरं कारण भावजयीनं नंतर सांगितलं. अपघाताविना किती दिवस गेले, याचा फलक बंदराच्या फाटकावर असतो. त्या दिवशी आकडा होता दोनशे अठ्ठ्याण्णव. तीनशे भरले की सगळ्या टोळीला आठवडाभर भरपगारी रजा. आपल्यापायी बाराजणांची रजा बुडू नये, म्हणून हा गप्प बसला. बोटं बरी होतील असं त्याला वाटत होतं. चौथ्या दिवशी तीन कापावी लागली.

अपघात कामावरचा ठरला, तर उपचार, घरी बसलेल्या दिवसांचा पगार आणि जन्मभराची काहीतरी तरतूद. नाही ठरला, तर काहीच नाही. अर्ज भावजयीनं नवऱ्याशी भांडून केला होता.

"कामावर काही झालेलं नाही, मॅडम," मुकादम म्हणाला.

बाईंनी भावाकडे पाहिलं. भावानं मुकादमाकडे पाहिलं आणि पुटपुटला, "घरीच पडलो."

भावजय त्याच्याकडे वळली. "अहो, बोटं गेलीत तुमची. जीभ शाबूत आहे ना?"

"यांना पडताना तुम्ही पाहिलंत?" बाईंनी मला विचारलं.

"नाही."

"जिना कुठला? घरातला की इमारतीचा?"

मी फॉर्म जवळ ओढला. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, लोकांच्या चुका काढल्या. माझं हे एक वाक्य मात्र मी कधी वाचलंच नव्हतं.

"आमचं घर बैठं आहे," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "आम्हाला जिना नाही."

मग मुकादम म्हणाला, "शेजाऱ्यांचा असेल, दादा."

"अख्खी चाळ बैठी आहे," भावजय म्हणाली.

भाऊ माझ्याकडे बघतच राहिला. माझा असा आवाज त्यानं कधी ऐकला नसावा. त्यानं उरलेल्या दोन बोटांचा हात टेबलावर ठेवला आणि मुकादमाकडे न पाहता म्हणाला, "लिहून घ्या, मॅडम. सकाळची पाळी होती."

सवयीनं मी खिशातलं पेन काढून टोपण उघडलं.

"तुम्ही नका लिहू," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कोरा कागद कारकुनाकडे दिला.