बटणांचा दगड

घर बदलायचं म्हटलं की माणसं कपाटाची आणि फ्रिजची काळजी करतात. चष्मेवाल्याला काळजी होती हौदाची. हौद म्हणजे बाहेरच्या खोलीतली खाऱ्या पाण्याची भलीमोठी काचेची पेटी. आत खडक, खडकांवर जिवंत प्रवाळ, आणि त्यांच्या फटींतून ये-जा करणारे रंगीत मासे. दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासून हा माणूस घरी यायचा, तो आधी हौदासमोर बसायचा आणि मग चपला काढायचा. बायको त्या पेटीला 'सवत' म्हणायची. आई नुसतं 'हौद' म्हणायची. दोघींनीही तिला निभावून घेतलं होतं, कारण नवरा म्हणा, मुलगा म्हणा, संध्याकाळचा घरात तरी असतो.

पण या सवतीचं एक गुपित होतं, आणि ते त्यानं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. खडकांवर हिरव्या झालरीचे, बटणाएवढे गोल जीव वाढले होते. दिसायला इतके देखणे की पाहुणे आधी त्यांच्याकडेच बोट दाखवायचे. तो त्यांना बटणं म्हणायचा. विकणाऱ्यानं देतानाच बजावलं होतं, "साहेब, यांच्यात विष असतं. उघड्या हातानं धरायचं नाही. हाताला जखम असेल तर मुळीच नाही. आणि गरम पाणी तर कधीच लावू नका. वाफ छातीत गेली तर माणूस हातचा जाईल."

चष्मेवाल्यानं मान डोलावली आणि बटणं घरी आणली. कोपरापर्यंतचे रबरी मोजे घालून ती खडकावर बसवत असताना बायकोनं विचारलं, "अहो, हे मोजे कशाला?"

"मला ॲलर्जी आहे त्या पाण्याची," तो म्हणाला.

खरं सांगितलं असतं तर सवत त्याच दिवशी जिन्याखाली गेली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा त्याचा हिशेब. मुठीत काय झाकलंय तेही बघावं लागतं, हे या शहाण्याला कुणी सांगायचं! चार वर्षं त्याची ॲलर्जी घरात सुखानं नांदली.

घर हलवायच्या दिवशी पहाटेपासून त्याचा जीव टांगणीला लागला होता. हौदातलं पाणी कॅनमध्ये भरलं, मासे पिशव्यांत घेतले, खडक त्याच पाण्याच्या बादल्यांत बुडवून ठेवले. एका खडकावर मात्र बटणं गवतासारखी माजली होती. तो दगड नव्या घरात न्यायचाच नाही, असं त्यानं ठरवलं होतं. झाकणाच्या बादलीत घालून त्यानं तो जुन्या घराच्या गॅलरीत ठेवला. संध्याकाळी एकट्यानं यायचं आणि गुपचूप त्याची विल्हेवाट लावायची. बाकीच्या खडकांवर बटणं होती, पण इथं तिथं, तुरळक.

आई मागेच थांबली होती. घर सोडताना ओट्यावर डागसुद्धा ठेवायचा नाही, हा तिचा बाणा. "मागून येणाऱ्यांनी आपल्याला नावं ठेवता कामा नयेत," असं म्हणत तिनं एक पातेलं, एक ब्रश आणि खायचा सोडा बांधाबांधीतून वाचवून ठेवला होता. गॅसची शेगडी शेवटच्या खेपेत जायची होती.

दुपारी नव्या घरी हौद जागेवर बसला. बायकोनं नळी धरली होती आणि तो पाणी सोडत होता, तेवढ्यात आईचा फोन आला. आवाजात अगदी कौतुक होतं.

"अरे, गॅलरीत तुझा एक दगड राहिला होता बघ. काय तो बुळबुळीत, काय तो वास! ब्रशनं खसाखसा घासला, पण जाईना. म्हणून पातेल्यात सोडा घालून उकळत ठेवलाय. लख्ख करून आणते, हौदात शोभून दिसेल."

त्याच्या हातातला कॅन निसटून पाणी फरशीवर पसरलं. बायको त्याच्या तोंडाकडे बघत होती. एकच शब्द बोलायचा होता. तो जिभेवर आलाही होता. पण बायको समोर होती, आणि शब्द गिळून तो म्हणाला, "आई, गॅस बंद कर आणि बाहेर पड. त्याला... त्याला फार वास येतो. डोकं दुखेल तुझं. आणि खिडक्या उघड."

"खिडक्या मुद्दाम लावून घेतल्यात. आत्ताच पुसलंय सगळं, धूळ येते. आणि वासाचं मला काय सांगतोस? तुम्हा भावंडांची दुपटी धुतलीत मी."

"आई, ऐक माझं, बाहेर जा!"

"बरं बाबा, जाते," असं हसत म्हणून तिनं फोन ठेवला.

जाते म्हणाली म्हणजे गेली असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली. फरशी पुसायला लागला. परत फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजून वाजून बंद झाला.

"किल्लीचं काहीतरी राहिलंय, मी आलोच," बायकोला एवढंच सांगून तो धडपडत खाली उतरला आणि शेवटच्या खेपेला निघालेल्या टेंपोवाल्याशेजारी जाऊन बसला.

टेंपो सिग्नलला थांबला की त्याला वाटायचं, उतरून पळत सुटावं. मग त्याला जुन्या घराच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंची आठवण झाली. त्यांना फोन लावून तो ओरडलाच, "काकू, वर जा! दारातून आईला हाक मारा, पण तुम्ही आत पाऊल टाकू नका. विष आहे! त्या वाफेत विष आहे!"

आता बघा, शब्द किती सहज निघाला. टेंपोवाल्यानं ऐकला, काकूंनी ऐकला, सिग्नलवरच्या लोकांनीसुद्धा ऐकला. ज्यांनी ऐकायला हवा होता, त्या दोघीच तेवढ्या राहिल्या.

तो पोचला तेव्हा आई जिन्यात बसली होती. काकू तिची पाठ चोळत होत्या. खोकला थांबत नव्हता, डोळे लाल झाले होते आणि एवढ्या उकाड्यात ती कुडकुडत होती. "तोंडात नाणं ठेवल्यासारखं लागतंय रे," ती म्हणाली. त्यानं श्वास रोखला, तोंडावर ओला टॉवेल धरला आणि आत शिरून गॅस बंद केला. पातेलं उतू गेलं होतं. लख्ख घासलेल्या ओट्यावर हिरवट फेस पसरला होता. तो पळत बाहेर आला आणि दार ओढून घेतलं.

"ओट्यावर सांडलं का रे?" आईनं विचारलं. पुढचं तिला बोलवेना.

दवाखान्यात तिला आत नेलं, नाकातोंडावर ऑक्सिजन लावला. दारातूनच त्यानं बायकोला फोन केला. "आईला दम लागलाय. जुन्या घराजवळच्या दवाखान्यात आणलंय."

"अगं बाई! मी निघालेच."

"नको! इथं एकालाच आत सोडतात. तू तिथंच थांब."

असा काही नियम नव्हता. डॉक्टर विचारतील तेव्हा बायको शेजारी नको, एवढाच त्याचा हेतू होता.

डॉक्टरीणबाईंनी विचारलंच. त्यानं बटणं, वाफ, सगळं सांगितलं.

"हे विषारी आहे हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मग घरच्यांना?"

तो हातातल्या ओल्या टॉवेलची घडी घालत राहिला. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि त्या आत गेल्या. बाकावर बसून तो पडद्यापलीकडचा आईचा श्वास ऐकत राहिला. श्वास अडकला की याचाही अडकायचा. आयुष्यात इतका तो कधी भ्याला नव्हता. आई वाचू दे, हौद फोडून टाकतो, असं तो कुणाला तरी मनातल्या मनात कबूल करत होता.

दिवे लागायच्या सुमाराला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "उतार आहे. रात्रभर लक्ष ठेवावं लागेल, पण औषध लागू पडतंय. दोन मिनिटं भेटा."

त्याला रडूच फुटलं. आईनं मास्क जरासा बाजूला केला.

"तुझा फोन आला तेव्हा बाहेर आले होते रे मी. जिन्यापर्यंत आले. मग म्हटलं, नुसता वास तर आहे. वासाला काय घाबरायचं? दोन मिनिटांत होईल, म्हणून परत आत गेले." तिला धाप लागली. "तू वास म्हणालास."

त्याला मान वर करता येईना. आता बायकोला सगळं सांगायचं, तिनं घराबाहेर काढलं तरी चालेल, असं ठरवून तो बाहेर आला. तर बायको समोरूनच येत होती, दमलेली, केस विस्कटलेले.

"नाही राहवलं मला. कशा आहेत आई?"

"उतार आहे म्हणतात."

तिनं मोठा श्वास सोडला आणि बाकावर टेकली. "देवा रे! हातपाय गळाले होते माझे. एकटीनं बसवेना, म्हणून म्हटलं, निदान ते जीव तरी वाचवावेत. दगड लावले एकेक करून, तुम्ही लावता तसे. मग मासे सोडले. सवतीला नांदायला घालून आले बघा! एका दगडाची धार लागली तेवढी."

तिच्या बोटाला रुमाल गुंडाळलेला होता. त्यातून रक्त उमटलं होतं.

"मोजे?" त्यानं विचारलं. "मोजे घातले होतेस ना?"

"ते कशाला? ॲलर्जी तुम्हाला आहे, मला थोडीच." ती बोटं उघडमीट करत होती. "बादल्या उचलून हात मात्र भरून आलाय. बधिर झाल्यासारखा वाटतोय. आणि तोंडालाही कसली तरी चव येतेय. सकाळपासून पोटात काही नाही ना."

त्यानं तिचं मनगट धरलं आणि तिला जवळजवळ ओढतच डॉक्टरीणबाईंच्या दारात नेलं. त्या लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली.

"डॉक्टर, आणखी एक पेशंट आहे," तो म्हणाला.

बायकोनं वळून मागं पाहिलं.

"कोण?" तिनं विचारलं.